दवनीवाड्याची खेप

इंद्रकुमार सेठ कामाचं बोलायचं असलं की आधी तब्येत विचारतात. त्या दिवशी फोनवर त्यांनी माझी तब्येत विचारली, बायकोची विचारली, आईचे गुडघे कसे आहेत तेही विचारलं. तेव्हाच मी ओळखलं, आता काहीतरी गळ्यात पडणार.

"गजेंद्र, दो महिने लोकल कर ले यार."

"काऊन सेठ? मी काय केलो?"

"अरे, किया कुछ नहीं. पोर्ट का लोड ठंडा पडा है. इधर धान उठाने का काम मिला है. केंद्र से माल उठाओ, मिल में डालो, और रोज रात को अपने घर. ड्रायव्हर आदमी को और क्या चाहिए?"

ड्रायव्हर माणसाला काय हवं असतं हे मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकानंही कधी ट्रक चालवलेला नव्हता.

सोळा वर्षं मी लाईनवर आहे. लाईन म्हणजे लांबचा रस्ता. गोंदियात तांदूळ भरायचा, देवरीवरून छत्तीसगडात उतरायचं, रायपूर मागे टाकायचं, ओडिशाचे घाट पार करायचे आणि आंध्रात काकिनाड्याच्या बंदरावर माल खाली करायचा. चौदा चाकांची गाडी, पुढे मोकळा रस्ता आणि डोक्याला कटकट नाही. तिथे धाब्यावर मला उस्ताद म्हणतात. लोकलच्या ड्रायव्हरला 'ए गाडीवाले, जरा बाजूला घे' म्हणतात.

आणि लोकल म्हणजे काय, ते सेठला काय माहीत? वीस किलोमीटर चालवायचं आणि सात तास उभं राहायचं. खरेदी केंद्रावर रांग, काट्यावर रांग, मिलच्या फाटकावर रांग. हमाल आले तर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपलेला, बारदाना आला तर हमाल जेवायला गेलेले. गावातल्या रस्त्यावर डोक्यावर विजेची तार, बाजूला नाली आणि मधोमध म्हैस. त्यात जो तो ओळखीचा. ओडिशाच्या घाटात मला कुणी हात दाखवून थांबवत नाही आणि 'माझ्या सासूला तेवढं आमगावला सोड' म्हणत नाही.

हे सगळं मी सेठला पोटतिडकीनं सांगितलं. सेठ म्हणाले, "हां हां, समझता हूं. तो कल सुबह से?"

फोन ठेवून मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर तारा, म्हशी आणि लोकांच्या सासवा हे सगळं मी शिव्या देत का होईना, सहन केलं असतं. मला हे काम नको होतं ते वेगळ्याच कारणानं. धान उचलायच्या केंद्रांच्या यादीत दवनीवाडा होतं, आणि दवनीवाड्याला माझी रेणूताई राहते.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचं गाव आमगावच्या आत आहे, तिथल्या गल्लीत माझी मोठी गाडी वळत नाही. ताईचं सासर मात्र रस्त्याला लागून, समोर मोकळी जागा. म्हणून सुट्टीला आलो की मी गाडी तिच्या दारात लावायचो, पोटभर जेवायचो आणि मग भाऊजींची मोटरसायकल घेऊन घरी जायचो. दसऱ्याला गाडीची पूजासुद्धा ताईच करायची. देवानंद भाऊजी सगळे टायर एकेक करून ठोकायचे आणि 'बरे आहेत' असा शेरा द्यायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते म्हणाले की मला बरं वाटायचं. असं आठ-नऊ वर्षं चाललं.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी वारले, आणि मी मातीला गेलो नाही.

आता ते कसं झालं ते सांगतो. लाईनच्या ड्रायव्हरला एक सवय जडते. मालकाचा फोन आला की पुढचं गाव सांगायचं, आणि घरचा फोन आला की लांबचं. मालकाला पुढचं सांगितलं की तो मागे लागत नाही. घरच्यांना लांबचं सांगितलं की ते कुठे बोलावत नाहीत. बारसं, साक्षगंध, मंडईची जत्रा, काकांच्या भांडणाची बैठक, सगळ्याला एकच उत्तर, मी लाईनवर आहे. पुढे मालकांनी गाडी कुठे आहे ते दाखवणारी यंत्रं लावली, त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलायची सोय गेली. घरच्यांशी राहिली. यात काही लबाडी आहे असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही. हात जसा आपोआप गिअरवर जातो, तसं तोंडातून लांबचं गाव जातं.

त्या दिवशी दुपारी मी कोहमाऱ्याच्या चौकात धाब्यावर जेवत होतो. कोहमारा म्हणजे हायवे सोडून गोंदियाकडे वळतात ते ठिकाण. तिथून दवनीवाडा दोन तासही नाही. भाऊजी नागपूरला दवाखान्यात आहेत हे मला माहीत होतं. ताईचा फोन आला तेव्हा मला वाटलं, कुणाला आणायचं-न्यायचं काम असेल. तिनं विचारलं, "गजू, कोठी हायेस?" आणि माझं तोंड बोलून मोकळं झालं, "काकिनाड्याले, ताई."

ती मग म्हणाली, "तुहे भाऊजी गेले."

आता मला सांगा, यानंतर माणूस काय करणार? 'नाही नाही ताई, काकिनाडा नाही, कोहमारा' असं म्हणणार? मला नाही म्हणता आलं. ती म्हणाली, "बरं, जपून चालवजो," आणि फोन ठेवला. मी तिथेच बाकावर ढसाढसा रडलो. मग काकिनाड्याला असलेला माणूस कुणाला कोहमाऱ्यात दिसायला नको, म्हणून उठलो आणि गाडी रायपूरच्या रस्त्याला लावली. जिला आपण सगळ्यात जास्त मानतो, तिच्या अशा वेळी आपण उलट्या दिशेनं ट्रक हाकतोय, हे मला कळत होतं. कळूनही हाकत राहिलो.

तेरवीला गेलो, तोवर सगळ्यांची माझ्याबद्दल हळहळ करून झाली होती. बिचारा किती लांब होता, काय करणार! ताई आत बायकांमध्ये बसली होती. मी अर्धा तास मांडवात बसलो आणि निघालो. त्यानंतर तिच्या दारात गाडी लावली नाही. दोन भाऊबीजा गेल्या. दोन्ही वेळा मी फोनवर सांगितलं की मी लाईनवर आहे, आणि त्या वेळी मी खरोखरच होतो, कारण मुद्दाम त्या तारखांना लोड मागून घेतला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तर असा मी, आणि मला सेठ सांगतात, दवनीवाड्याचं धान उचल!

पहिल्या आठवड्यात मी कसंबसं आमगावकडचं काम पदरात पाडून घेतलं. माझी चौदा चाकी यार्डात उभी, आणि माझ्या हाती एक जुनी सहा चाकी गाडी. तिचा डावा दरवाजा आतून उघडत नव्हता आणि हॉर्न वाजवला की वायपर चालू व्हायचा. रोज रात्री घरी. चेतना, म्हणजे माझी बायको, पहिले दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी मी वरणात मीठ कमी आहे म्हणालो, चौथ्या दिवशी गॅसची शेगडी चुकीच्या भिंतीला आहे म्हणालो. पाचव्या दिवशी तिनं पोळपाट आपटलं.

"तुमी लाईनवरच बरे होते," ती म्हणाली. "फोनवर तरी गोड बोलत होते. एवढे मोकळे हायेत तं एक दिवस रेणूताईकडे जाऊन या ना. दोन वर्ष झाले, बाई एकटी हाये. लाईनवर होते तवा ठीक. आता काय बहाणा हाये?"

"बहाणा कायचा?" मी खेकसलो. "मी काय बहाणे करतो?"

"मी कोठी म्हटलो करता मून?" चेतना म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी ताट तसंच सोडून अंगणात गेलो आणि त्या भिकार गाडीचा दरवाजा दुरुस्त करत बसलो. तो काही दुरुस्त झाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात सेठनं दवनीवाडा माझ्या नावावर टाकलं. माझ्यासारखाच टिंकूही लाईनवरून लोकलला ओढला गेला होता. त्याला म्हटलं, "दवनीवाडा तू घे गा. देवरीकडचे जंगलातले केंद्र मी करतो."

"मी काऊन घेऊ?" टिंकू म्हणाला. "तुही सक्की बहीण हाये तेथी. दोन टाइम गरम जेवण भेटन. पागल हायेस काय?"

शहाण्या माणसाला काय उत्तर द्यायचं!

दवनीवाड्याच्या केंद्रावर मी तोंडाला दुपट्टा बांधून शिरलो. मला वाटलं होतं, गाडी लावायची, खाली उतरायचंच नाही, धानाची पोती, म्हणजे कट्टे, भरले की सुटायचं. पण तिथला हमालांचा मुकादम शालीकराम. भाऊजींच्या दारात गाडी लावायचो तेव्हाचा ओळखीचा. त्यानं दुपट्ट्यातूनही मला ओळखलं आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे, हा तं रेणूबाईचा भाऊ! रेणूबाई, वो रेणूबाई, तुमचा भाऊ आला ना!"

मला वाटलं, त्याला गाडीखाली घ्यावं.

ताई तिथेच होती. त्या वर्षी धान खूप पिकलं होतं. नंबर यायला चार-पाच दिवस लागत होते. तोवर प्रत्येकाला आपापल्या कट्ट्यांची राखण करावी लागे. दिवसा ताई बसायची, रात्री तिचा दीर यादोराव. यादोराव म्हणजे भाऊजींचा धाकटा भाऊ, शेती एकत्र, माणूस कष्टाळू आणि अबोल. कट्ट्यांच्या थप्पीवरून ताई उतरली आणि पदर खोचत सरळ माझ्या गाडीकडे आली. केस पांढरे झाले होते. दोन वर्षांत एवढे कसे झाले, हे मला कळेना.

"वाळला बापा तू," ती म्हणाली. "अन् हे कोणती खटारा गाडी? तुही मोठी कोठी गेली?"

"उभी हाये, ताई. सेठनं लोकलले टाकलं."

"चांगलं केलं. उतर खाली. जेवला काय?"

बस. एवढंच. मी दोन वर्षं जिची भीती बाळगली ती भेट ही अशी. तिनं डबा उघडला. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. मला वाढलं, समोर बसली आणि विचारत राहिली, आईचे गुडघे कसे आहेत, चेतनाची तब्येत कशी आहे. कोहमाऱ्याचं नाव नाही. काकिनाड्याचं नाव नाही. भाऊबीजेचं नाव नाही. रात्रीची राखण संपवून निघालेला यादोराव पलीकडे उभा होता. त्यानं मला नमस्कार केला नाही, माझ्या गाडीचा नंबर वाचला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, स्वभाव.

असं रोज चाललं. सकाळी पोचलो की ताई, दुसऱ्या खेपेला आलो की ताई. रोज डबा. रोज प्रेम. यादोरावचं नंबर वाचणंही रोज. शालीकराम म्हणायचा, "बहीण असावं तं असं." मी घास चावत बसायचो आणि आतल्या आत चिडत जायचो. हिनं शिव्या द्याव्यात, दोन थोबाडीत माराव्यात, 'तुझा भाऊ म्हणून काय उपयोग' असं ओरडावं, म्हणजे सुटलो. पण नाही. ती आपली लाखोळीची डाळ वाढतेय! लाईनवर एखादा माणूस असा वागला असता तर मी त्याच रात्री दोनशे किलोमीटर पुढे गेलो असतो. इथे मिल बारा किलोमीटरवर, आणि तीन तासांनी परत हिच्याच समोर.

पाचव्या दिवशी त्यांचा नंबर लागला. यादोराव आणि हमाल त्यांचे कट्टे काट्यावर नेत होते. तोलून झाले की ते माझ्याच गाडीत चढणार होते. ताई आणि मी गाडीच्या सावलीत. तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि माझं डोकं फिरलं.

"ताई, तू मले बोलत काऊन नाईस?"

"बोलूनच तं राहिलो."

"हे नाई. भाऊजी गेले तवा मी आलो नाई. दोन भाऊबीजा आलो नाई. शिव्या दे ना मले! जेवण कायले देऊन राहिलीस?"

तिनं झाकण पुन्हा लावलं. डबा बाजूला ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कोहमाऱ्याले होतास. मले मालूम हाये."

"तिरोड्याचा रस्ता खोदून ठेवला होता," ती सांगू लागली. "मून ॲम्ब्युलन्सवाल्यानं तुह्या भाऊजीले हायवेनं आणलं. कोहमाऱ्याच्या चौकात तो पाणी प्याले थांबला. मी बाहेर पायलो, तं समोर तुही गाडी. नऊ वर्ष त्या गाडीची पूजा केलो मी, वळखणार नाई काय? तू भी दिसला. पाठमोरा बसून जेवत होतास. मले इतकं बरं वाटलं, गजू. वाटलं, देवानंच धाडलं. आता माहा भाऊ येते अन् माह्याजवळ बसते. मून फोन लावलो."

"मंग हाक काऊन नाई मारलीस?"

"कोणाले मारू? तू तं काकिनाड्याले होतास."

हे तिनं टोमणा म्हणून नाही म्हटलं. मी तिला फसवलं, हे ओझं घेऊन मी दोन वर्षं फिरत होतो, आणि ती कधी फसलीच नव्हती. ती खिडकीतून माझ्या पाठीकडे बघत माझं खोटं ऐकत होती, आणि शेजारी भाऊजी झाकलेले.

"तवा तुह्यासंग कोण होतं?" मी विचारलं.

"यादोराव होता. त्याच्याशी काई बोलू नोको. झालं ते झालं. कोणालेच काई सांगू नोको, ऐकलंस? जेव आता."

पण मला कुठे जेवण जाणार होतं! मला यादोरावचं तोंड फिरवणं आठवलं. म्हणजे त्यानंही पाहिलं होतं. रोज तो माझ्या गाडीचा नंबर का वाचतो ते आता कळलं. पाच दिवस हा माणूस मला लबाड समजून माझ्या डोळ्यांसमोर वावरत होता, आणि मी त्याला स्वभाव म्हणत होतो. मी ताडकन उठलो. ताईनं मागून हाक मारली, "गजू, थांब. गजू!" मी थांबलो नाही. मला वाटलं, मर्दासारखं तोंडावर कबूल करावं, माफी मागावी आणि मोकळं व्हावं. तेव्हा मला तो प्रामाणिकपणा वाटला. खरं म्हणजे मला फक्त हलकं व्हायचं होतं, आणि त्यासाठी माझ्या बहिणीनं दोन मिनिटांपूर्वी जे करू नको म्हणून सांगितलं, नेमकं तेच मी करायला निघालो.

काट्यापाशी यादोराव कट्टा पाठीवर घेऊन उभा होता. शालीकराम होता, आणखी चार-पाच शेतकरी होते. मी सगळ्यांसमोर हात जोडले.

"यादोरावभाऊ, मले माफ करा. त्या दिवशी कोहमाऱ्याले माहीच गाडी होती. मी तेथीच होतो. ताईले खोटं बोललो."

मला वाटलं होतं, तो शिवी देईल. त्यानं कट्टा हळूच खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागे धावत आलेल्या ताईकडे बघितलं.

"वहिनी," तो म्हणाला, "हा काय म्हणून राहिला?"

"मी नंबर वाचलो होतो," यादोराव म्हणाला. आता तो माझ्याशी बोलत होता, पण नजर तिच्यावरच. "हिनं फोन ठेवला, तवा मी म्हटलो, वहिनी, ते पाय गजेंद्रची गाडी. बोलावून आणतो. दरवाजा उघडला होता मी, एक पाय खाली होता. तवा हिनं भाऊच्या छातीवर हात ठेवला अन् म्हणली, यांची शपथ, ते माह्या भावाची गाडी नाई. मंग मी दरवाजा लावलो. घरी येऊन आईले सांगतलो, मले तं गजेंद्रचीच वाटली. आईनं मलेच दटावलं. म्हणे, नवऱ्याच्या मातीवर हात ठेवून कोणी खोटी शपथ खाते काय? दोन वर्ष झाले. मी सोतालेच आंधळा समजून राहिलो. तुही कोणतीही गाडी दिसली की नंबर वाचून पायतो, माहे डोळे ठीक हायेत का नाई मून."

शालीकरामनं बिडी विझवली. मी हात जोडलेले तसेच. ते खाली कसे घ्यावेत, तेही मला सुचेना.

ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो कोहमाऱ्याचा नव्हता.

"झालं तुह्यं?" ती म्हणाली. "पोट भरलं? सांगतलो होतो ना, बोलू नोको मून! एक गोष्ट ऐकता येत नाई तुले?"

"ताई, मले वाटलं..."

"तुले नेहमी काईतरी वाटते." मग ती यादोरावकडे वळली. आवाज खाली गेला, पण कापला नाही. "हो भाऊ, मी खोटी शपथ खाल्लो. तुमी याले घेऊन आले असते, तं सगळ्याईच्या समोर तो खोटा पडला असता. मंग जलमभर माह्या दारात आला नसता. एक माणूस माह्यासमोर झाकून ठेवला होता. दुसरा गमवायची ताकद नव्हती मले."

ती थांबली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तसाही नाई आला तो."

यादोरावनं डोक्याचं फडकं काढलं आणि तोंड पुसलं. "आता आईले काय सांगू?" त्यानं विचारलं.

"खरं सांगा," ताई म्हणाली. "मी भी येतो संग. जे बोलायचं ते मलेच बोलू द्या."

त्यांची आई, म्हणजे ताईची सासू, सत्तरी पार केलेली, देवाधर्माची बाई. मेलेल्या मुलाच्या छातीवर सुनेनं खोटी शपथ खाल्ली, हे त्या घरात कसं घेतलं जाईल, याचा विचार माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला. जीभ सैल सोडायच्या आधी यायला हवा होता. माझं खोटं तिनं झाकलं, आणि खरं बोलायला लागलो तेही तिच्याच अंगावर टाकलं. मी म्हणालो, "ताई, मी येतो ना घरी. मी सांगतो आईले, सगळी चूक माही हाये."

"तू काई सांगू नोको," ताई म्हणाली. "तू सांगतलं तेवढं पुरे."

यादोरावनं कट्टा पुन्हा पाठीवर घेतला, माझ्या गाडीच्या फाळक्यावरून आत टाकला आणि दुसरा आणायला गेला. शालीकरामनं हमालांना हाक मारली. मागे तीन गाड्या उभ्या होत्या, त्यांचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. मी तिथेच उभा होतो. ताईनं थप्पीवर बसून डबा फडक्यात बांधला. मी एक घासही खाल्ला नव्हता, आणि त्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं नाही.

"भरली गाडी," शालीकराम म्हणाला. "काढ ना गा, मागच्याईचा खोळंबा होऊन राहिला."

मी उजव्या दरवाजानं आत चढलो. त्यांचे निम्मेच कट्टे या खेपेत बसले होते. उरलेले तिथेच होते आणि त्यांच्या राखणीला ताई. मिल बारा किलोमीटरवर. माल खाली करून तीन वाजता मला पुन्हा याच काट्यापाशी, तिच्यासमोर गाडी लावायची होती.